बत्तीस घरं

टाकाऊ संगमरवराच्या तुकड्यावर मशीनने नाव कोरायला घेतलं आणि ती मधेच थांबली. 'कुबानिचबेक सातिब'.

"बाप अर्धाच?" बुरुलकान कडाडली. "उद्या वर्षाचं जेवण. घोडा कापायला काढलाय, अर्धं काराकोल जेवायला येणार. 'सातिबाल्दी उउलू', सातिबाल्दीचा मुलगा, असं पुरतं हवं. माझ्या लेकाच्या थडग्यावर तुटका बाप लावू?"

मशीन वर्षभर बंद होती. ती चालवणारा प्रोग्राम कुबानिचबेकनेच लिहिलेला, सी भाषेत. लांब नाव आलं की तो स्वतः बसायचा. आज त्याच्या खुर्चीवर त्याची बायको मीरिम बसली होती.

"अपा, यात दोन बोटं आहेत," ती पडद्यावरची नजर न काढता सासूला म्हणाली. "एक नावावर, एक रिकाम्या घरांवर. एकेक अक्षर उचलायचं, तिकडे ठेवायचं. बत्तीस घरं भरली की थांबायचं. आपल्या लिपीतलं एक अक्षर दोन घरं खातं."

"खाऊ दे. त्याला म्हणावं, थांबू नकोस."

मीरिमने बत्तीसचे चौसष्ट केले.

दुसऱ्या तुकड्यावरून धूळ उडाली. बुरुलकानने फुंकर मारली. 'कुबानिचबेक सातिबाल्दी उउलू'. बाप पुरता आला. खाली जन्माची तारीख आली. तिच्यापुढे मरणाची यायची, तर तिथे नुसतं 'आल्दी उउलू' उमटलं होतं.

"चुकलं माझं." मीरिमने कपाळाला हात लावला. "थांबायचा आकडा वाढवला, घरं वाढवायची राहिली. नाव शेजारच्या घरांत घुसलं. तिथली तारीख पुसली गेली."

एरवी सुनेची एक चूक आठवडाभर पुरवणारी बाई. आज तिने तुकडा जवळ ओढला. मरणाच्या तारखेच्या जागेवरून बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा.

"रडू नका ना अपा. दोन मिनिटांचं काम आहे. तारीख येईल परत."

"कोण रडतंय? धूळ किती करता तुम्ही." तिने नाक पुसलं. "मोठ्या दगडावर घाल तारीख. लोकांना लागते."

मग तिने डोक्याचा रुमाल सोडला, तो तुकडा त्यात नीट गुंडाळला आणि छातीशी धरून उठली. मीरिम हात द्यायला धावली.

"सोड. मला पेलतो."