शिंगवाली

हरणी थांबली आणि जमालने बंदूक खांद्याला लावली.

"छोडो, हबीबी," वाटाड्या अहमद मोडक्या हिंदीत म्हणाला. "बच्चेवाली है."

अहमद बदू, वाळवंटातल्या भटक्या टोळीतला. रास अल खैमाच्या याच माळावर वाढलेला. शिंगं बारीक आणि सरळ, म्हणजे मादी, हे त्याने लांबूनच ओळखलं होतं. वसंतात या माद्या गाभण असतात, तेव्हा त्यांना सोडून द्यायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

लँड रोव्हरमध्ये बसलेले जमालचे थोरले भाऊ बदरुद्दीनभाई हसले. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुबईच्या खाडीवर त्यांचं किराण्याचं दुकान होतं. जमाल त्यांच्याच दुकानात राबायचा, त्यांच्याच घरात राहायचा आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायचा नाही. दुबईच्या समुद्रात तेल लागलं त्या वर्षी भाईंनी ही जुनी गाडी घेतली आणि तेव्हापासून दर शुक्रवारी शिकार सुरू झाली. मी मादीवर कधी बार टाकत नाही, हे चारचौघांत सांगायची त्यांना फार हौस.

"शिंगं आलेली ती मादी कसली?" ते म्हणाले. "आपल्या दापोलीच्या रानात भेकरीला कधी शिंगं बघितलीस? हिचा साचाच चुकलाय. असल्यांना पिल्लं होत नाहीत. मार तू, यल्ला."

घरातही त्यांचा हाच न्याय होता. जमालची बायको ताजबी हिच्या हनुवटीवर चार केस होते. ती ते चिमट्याने उपटायची, ते पुन्हा यायचे. लग्नाला एवढी वर्षं होऊनही मूल नव्हतं. एकदा ती जेवण वाढत असताना भाईंनी सांगून टाकलं, की आरवणारी कोंबडी आणि दाढीवाली बायको, दोघींच्या पोटी काही निपजत नाही. जमाल खाली मान घालून जेवत राहिला. तिथेच सगळं ठरलं. ताजबीने सोमवारच्या बोटीने माहेरी जायचं आणि मागोमाग जमालने जाऊन साजिदाशी निकाह लावायचा. साजिदा भाभीची मावसबहीण. वयाने लहान, गोरी, हनुवटी स्वच्छ. ताजबी रडली नाही की भांडली नाही. या बोटीने नको, पुढच्या बोटीने पाठवा, एवढंच तिने नवऱ्याकडे मागितलं. कारण सांगितलं नाही. भाईंना विचारतो, असं जमाल म्हणाला, आणि त्याने विचारलं नाही.

हरणी अजून त्याच्याकडे बघत होती. ही वांझ निघाली तर फार बरं होईल, असं जमालला वाटलं. मग ताजबीला घालवून देण्यात आपला काहीच गुन्हा नाही. मटणाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला साक्ष हवी होती. बिस्मिल्ला म्हणून त्याने चाप ओढला.

ती पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. तो सुरी घेऊन धावला. गळा चिरून झाल्यावरही ती पाय झाडत होती. पोट फाडलं तेव्हा आत पिल्लू होतं, ओलं, अंगावर लव आलेलं, डोळे मिटलेले. थोडा वेळ ते हललं. अहमद उठून गाडीकडे निघून गेला. त्याने मटणातला आपला वाटाही घेतला नाही.

बदरुद्दीनभाईंनी चपलेने वाळू लोटून पिल्लू झाकलं. हजारात एखादी असते अशी, ते म्हणाले. खलास, घरात बोलू नकोस. लाज वाटली असती तर माणसात जमा झाले असते. त्यांना भूक लागली होती.

संध्याकाळी ताजबी मागच्या अंगणात बसली. मीठ चोळायला कातडं तिच्यापुढे टाकलेलं होतं. ते उलटंसुलटं करताना तिचा हात थांबला. आचळ कातड्याला तसंच राहिलं होतं. तिने ते दाबलं. बोटावर चिकट, पिवळसर दूध आलं.

जमाल दारात उभा होता.

"मादी होती?" तिने विचारलं.

"हो. शिंगवाली. वांझ."

"पोटात काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

तिने बोट पदराला पुसलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिला या माणसाची कीव आली होती, रागही आला होता. किळस आज पहिल्यांदा आली. पुढच्या बोटीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. रात्रीचं मटण मात्र असं रांधलं, की बदरुद्दीनभाईंनी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं.

सोमवारी जमाल तिला पोचवायला खाडीवर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला कधीही येत असे.

समुद्र खवळलेला होता. डेकवरची माणसं ओकून ओकून आडवी झाली. ताजबी तेवढी ताठ बसून होती. पण शेजारच्या बिछान्यावर कोणी तळलेल्या बांगड्यांचा डबा उघडला, तशी ती तोंडावर हात दाबून कठड्याकडे पळाली. श्रीवर्धनची मरियमबी तिच्यामागे पाणी घेऊन गेली. ती लेकुरवाळी बाई, तिला सांगायची गरज पडली नाही. तिने ताजबीची पाठ चोळली आणि हसून कितवा महिना म्हणून विचारलं.

"तिसरा."

"आणि अशात एकटी पाठवली तुला? नवऱ्याला ठाऊक नाही का?"

ताजबीने चूळ भरली, तोंड धुतलं, पदराने कोरडं केलं.

"त्यांचा दुसरा निकाह एकदा होऊ दे," ती म्हणाली. "मग कळवीन."