डाव्या बाजूचं दार

"आधी डावं दार," अमरसिंह म्हणाले. "इंजिनाचं नंतर बघू."

मोना गाडीखाली आडवी झाली होती. कपाळाला ग्रीस, केसांत कोळ्याची जाळी. "आबा, इंजिन सुरू न्हाय आणि दार घेऊन काय करायचं? दारात बसून फिरायचं हाय का?"

"तुला कळायचं न्हाय," आबा म्हणाले आणि ते दार उघडून, मिटून, परत उघडून बघत बसले.

गाडी लाल रंगाची, दोन माणसांपुरती, वरून उघडी. वर ओढायचं कापडी छत उंदरांनी कधीच संपवलं होतं. मुरगूडच्या हंबीररावांनी लेकीच्या लग्नात कबूल केलेली ही गाडी. त्यांचा ट्रकचा धंदा, लेक एकुलती एक, मग काय. कसबा बावड्यातल्या शेडमध्ये ती तीसेक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती आणि आता त्या शेडवर त्याच लेकीचा, म्हणजे मोनाच्या आईचा डोळा होता. शालूबाईंना दोन मुऱ्हा म्हशी आणायच्या होत्या.

"दसऱ्याला गाडी रस्त्यावर आली तर ऱ्हाऊ दे," त्यांनी सांगून टाकलं होतं. "न्हाईतर भंगारवाल्याला बोलवा. आणि ते दार पक्कं झाल्याबिगर मी त्या गाडीला हात लावायची न्हाय."

दाराची हकिगत सगळ्या बावड्याला पाठ होती. लग्नानंतरचा पहिला दसरा. अमरसिंह मुरगूडहून बायको आणि गाडी, दोन्ही घेऊन निघाले. बावड्याजवळच्या वळणावर डावं दार उघडलं आणि शालूबाई थेट उसात. त्या दिवशी गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच.

"वेगच तसला होता की," अमरसिंह सांगायचे आणि हवेतलं स्टिअरिंग फिरवायचे. "मागं बघतोय तर शेजारची सीट रिकामी." ऐकणारे पोट धरून हसायचे. शालूबाई तेवढ्यात "दूध उतू जाईल" म्हणत आत निघून जायच्या.

मोनाला आईची फार दया यायची. बाई पडली ती पडली, वर एवढी वर्षं गावभर तिचंच हसं. म्हणूनच तर तिनं हे काम अंगावर घेतलं होतं. आठवडाभर कंपनीत यंत्रं बघायची आणि रविवारी बापाबरोबर गंज खरवडायचा.

"माझं एकच म्हणणं हाय," आबा एकदा पत्रा घासता घासता म्हणाले. "तुझ्या आईनं दसऱ्याला ह्या गाडीत बसावं. दसरा चौकात जाऊन सोनं लुटावं आणि घरला यावं. म्हशी काय, पुढल्या वर्षी बी येतील." मग कोपरावरचा जुना वण खाजवत ते पुन्हा घासायला लागले.

ड्रायव्हरची सीट पार पुढं सरकलेली होती आणि गंजून तिथंच अडकली होती. आबा सहा फुटी. त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या वर यायचे. मोनानं हातोडा उचलला.

"ऱ्हाऊ दे," आबा घाईनं म्हणाले. "जुन्या गाडीचं मूळचं रूप मोडू नये."

दाराची कडी मात्र त्यांनी उद्यमनगरात अमीनच्या लेथवर तीनदा करून घेतली. तिसऱ्या खेपेला अमीन वैतागला. "मालक, दार हाय का तिजोरी?"

"तुझं काय जातंय? आणि जाड कर."

ती बसवल्यावर दार असं खट्कन लागलं की आबांनी डोळे पुसले.

इंजिन मात्र हटून बसलं. मोनानं किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरवत आणली, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "चोक अर्धाच ओढ गं."

मोनानं अर्धाच ओढला. गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली.

"आईला कसं कळलं?"

"ट्रकवाल्याची लेक हाय," आबा म्हणाले. "कानावर पडलं असंल लहानपणी."

गाडी रस्त्यावर फिरवून बघायचं कामही मोनावरच आलं. आबा फक्त फाटक उघडायचे. "मी बसणार ते तुझ्या आईसंगंच," म्हणायचे. मोनाला ते फार गोड वाटलं. तिनं मैत्रिणींनाही सांगितलं.

दसऱ्याला दुपारी गाडीवर झेंडूची माळ चढली. चाकांखाली लिंबं ठेवली. गल्ली जमली. शेजारचे बाळासो दात काढत म्हणाले, "वैनी, संगं पोतं घ्या. उसात मऊ पडंल."

शालूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. मग डाव्या दाराशी गेल्या. दार लावलं, हिसका दिला, कमरेनं रेटलं, पुन्हा हिसका दिला. आबा कडीकडं टक लावून उभे होते.

"पक्कं हाय," शालूबाई म्हणाल्या.

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी अदबीनं डावं दार उघडून धरलं. मोनानं मोबाइल वर केला. आईचा एवढा मान झालेला तिनं आजवर पाहिला नव्हता.

शालूबाईंनी ओवाळणीचं ताट तिच्या दुसऱ्या हातात दिलं. पदर कमरेला खोचला. गाडीच्या पुढून वळसा घालून त्या उजव्या बाजूला गेल्या आणि स्टिअरिंगमागं बसल्या. सीट जागची हलवावी लागली नाही. त्यांनी चोक अर्धा ओढला.

आबा स्वतःच धरलेल्या दारातून मुकाट्यानं आत शिरले आणि कोपर आत घेतलं. बाळासोंचे दात तसेच उघडे राहिले.

इंजिनाच्या आवाजात शालूबाई नवऱ्याकडं वाकल्या. जवळ उभ्या मोनाला तेवढं ऐकू आलं.

"दार नीट ओढून घ्या. ह्या खेपेला उसात पडलासा तर मी न्यायला मागं यायची न्हाय."