कुंचीतला वरवंटा

"मोर्चात दगड चालणार नाही, मावशी," म्हणत हवालदाराने माझं गाठोडं सोडलं. कुंचीत गुंडाळलेला वरवंटा निघाला.

"बाळा, परदेशातल्या गुलनारला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा झालीय. तिच्यासाठी आज देशोदेशी बाया रस्त्यावर आहेत. आम्ही तिचं बारसं करणार. तुझ्या बारशालाही तुझ्याआधी असाच वरवंटा पाळण्यात घातला असेल."

हसून त्याने कुंचीची नाडी बांधून दिली.

चौकात पाळणा टांगून आम्ही वरवंटा निजवला. बारशाला आत्या कानात हळूच नाव सांगते. आम्ही सगळ्या आत्या झालो आणि शिक्षा देणाऱ्यांना ऐकू जावं म्हणून ओरडलो, "कुर्रर्र, गुलनार!"

हवालदार धावत आला. "मावशी, साहेब येतायत. लाठी पडेल."

"पडू दे. नाव ठेवणाऱ्या आत्याने पाठीत बुक्के खायचेच असतात."