पुढचा पत्रा

“हात लावू नकोस, ओलं आहे,” बाबा म्हणाले. त्यांनी वर पाहिलंही नाही.

काल संध्याकाळी ते म्हणाले होते, गाडी ठेवून जा, ब्रेक आवळून आणतो. मुलगी ठेवून गेली होती. आज बसच्या गर्दीत डबा सांभाळत ती आली, तर दारात आईच्या स्कूटरचा नुसता सांगाडा उभा होता. सगळे पत्रे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांवर मांडलेले होते. मडगार्ड आणि बाजूची दोन्ही झाकणं काळी झाली होती. शर्यतीच्या गाड्यांना लावतात ते कार्बन फायबरचं कापड त्यांच्या अंगाला घट्ट बसलं होतं आणि त्याची चटईसारखी वीण रेझिनच्या चिकट थराखाली चमकत होती. एका कडेला मात्र दशा सुटल्या होत्या. कापण्याआधी कडेवर चिकटपट्टी लावायची असते, हे बाबांना बहुतेक कापून झाल्यावर कळलं असावं. काळे धागे त्यांच्या भुवईतही अडकले होते.

शेजारी आईची शिवणाची कात्री पडली होती. तिच्या धारेची वाट लागली होती.

“या वयात शर्यतीला जायचंय का?”

“जायचंय. नंबर आला तर कळवीन.”

बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. घरात खिळा ठोकायचा असला तरी आई ठोकायची. आता त्यांनी फोन उशीला टेकवून ठेवला होता. त्यातल्या व्हिडिओत कुणीतरी हातमोजे घातलेला माणूस पेट्रोलच्या टाकीवर कापड अंथरता अंथरता थांबलेला होता.

“गाडी मी चालवते. मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

आई गेल्यापासून ती एकेक गोष्ट गिळत आली होती. आईचं कपाट बाबांनी महिन्याच्या आत रिकामं केलं. चष्मा कुणाला तरी देऊन टाकला. गाडीही विकायलाच निघाले होते. तिने भांडून ती स्वतःकडे नेली. तेव्हापासून ऑफिस सुटलं की ती त्याच गाडीवरून डबा घेऊन यायची. ये, बस, पाणी पी, असं काही नाही. बाबा फाटकातच डबा घ्यायचे आणि पाठ फिरवायचे. पोटची मुलगी नाही, मीटर बघायला कुणी आलंय, असा चेहरा.

आता पुढचा पत्रा तेवढा राहिला होता. चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपुढचा, सगळ्यात मोठा. पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवली होती, पण रंग अजून होता. आईने दुकानदाराशी वाद घालून मुद्दाम मागवलेला निळा. त्या रंगाची दुसरी गाडी आख्ख्या भागात नव्हती.

बाबांनी रेझिनचा डबा उपडा करून उरलंसुरलं प्लास्टिकच्या वाटीत काढलं. काळा रंग घातला, हार्डनर घातला, काडीने ढवळलं. ते ब्रश शोधायला वळले तेवढ्यात मुलीने पत्रा उचलला, मांडीवर घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

“दे इकडे.”

“नाही.”

“मिसळून झालंय. थोड्या वेळात दगड होईल त्याचा.”

“होऊ दे की. तोवर बसते. मला कुठे घाई आहे?”

बाबांनी पत्र्याची कड धरली आणि ओढली. तिने दुसरी कड सोडली नाही. एक म्हातारा माणूस आणि एक पोक्त बाई, खेळण्यावरून भांडणाऱ्या पोरांसारखी पत्रा ओढत राहिली. शेवटी बाबांनाच धाप लागली. त्यांनी हात काढून घेतला.

“आईचं काहीच नकोय तुम्हाला या घरात,” ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द सुटा उच्चारत होती. “कपाट गेलं. चष्मा गेला. आता एवढा एक रंग उरलाय, तोही खुपतोय तुमच्या डोळ्यांत?”

“खुपतोय.”

बाबांनी सरळ सांगून टाकलं.

वाटीतलं रेझिन तापलं होतं. त्यातून बारीक धूर निघाला आणि उग्र वास खोलीभर पसरला. बाबांनी ब्रश आत घालून पाहिला. तो तिथेच उभा रुतला. मग त्यांनी हातमोजे काढले, एकात एक गुंडाळले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“जिंकलीस. घेऊन जा तो. पण इथे येताना ती गाडी आणू नकोस. बसने ये, चालत ये. नाहीतर येऊच नकोस.”

“का, पण? सांगा ना एकदा.”

बाबा पत्र्याकडे बघत म्हणाले,

“संध्याकाळचा मी खिडकीत असतो. कोपऱ्यावर निळं दिसतं. मी उठतो, तसाच अनवाणी धावतो, फाटक उघडून उभा राहतो. रोज. माहीत असतं, तरी.”

त्यांनी पत्र्याच्या निळ्यावरून बोट फिरवलं.

“मग हेल्मेट निघतं. आणि तू असतेस.”