मुद्दामची चूक

बायको शाळेत इंग्रजी शिकवायची आणि नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. लग्नानंतर तिने त्यालाही इंग्रजी शिकवायला घेतलं, पण 'शी' कुठे आणि 'हर' कुठे, हे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. "अरे, ती कर्ता नाही, कर्म आहे! तिथे 'हर'च येणार, ठोंब्या!" चारचौघांतसुद्धा ती त्याला अशी झापायची. शेवटी डोकेफोड करून तिने ते त्याच्या गळी उतरवलंच.

म्हातारपणी तिला विसरायचा आजार जडला. गॅस कसा पेटवायचा ते गेलं, पोटच्या मुलीचं नाव गेलं. चुकीचं इंग्रजी कानावर पडलं की मात्र अजून तिचा तिळपापड व्हायचा. हे लक्षात आल्यापासून तो रोज सकाळी चहाचा कप तिच्या हातात द्यायचा आणि मुद्दाम म्हणायचा, "आय लव्ह शी."

"'हर' रे, ठोंब्या!" ती कडाडायची. तेवढ्यापुरती का होईना, त्याची बायको त्याला परत मिळायची. मग तो कान पकडायचा आणि खुशीत भांडी घासायला जायचा.

आजही त्याने कप दिला, "आय लव्ह शी" म्हणाला आणि ओरडा खायला तयार होऊन उभा राहिला.

ती जरा सावरून बसली. अदबीने हसली.


"छान इंग्रजी बोलता हो तुम्ही. कोणी शिकवलं?"