कंपनीचं हृदय

अंगणात बांधून ठेवलेल्या तिरडीवरची फुलं सुकून गेली, तरी दामूअण्णांना उचलता येईना. अंग गार पडून लाकडासारखं ताठलं होतं, पण सरकारी योजनेतून कंपनीनं बसवलेलं हृदय आत ठोके देतच होतं.

“एकदाचं बंद करा हो ते,” त्यांच्या बायकोनं, चंद्राक्कांनी हात जोडले.

“हृदय चालू तोवर माणूस हयात, काकू. सरकार आम्हाला हयात माणसामागेच पैसे देतं,” कंपनीचा माणूस अदबीनं म्हणाला. “कुंकू पुसू नका.”

तो गेल्यावर चंद्राक्कांनी नवऱ्याच्या छातीला कान लावला, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिथंही त्याच योजनेतलं हृदय त्याच तालात चाललं होतं.

“सूनबाई, दार लाव आणि मोठी सुरी आण,” त्या म्हणाल्या. “नीट बघून ठेव. माझ्या वेळेला तुलाच करायचंय.”