काऊनं नेली

"तुझी चोखणी काऊनं नेली," असं सकाळी शाल्मलीनं ठोकून दिलं खरं, पण दुपारी झोपायच्या वेळी अडीच वर्षांच्या रेवानं रडून घर डोक्यावर घेतलं. चोखणी शाल्मलीच्या गाऊनच्या खिशातच होती. आणखी एक हुंदका आला असता, तर तिनं ती काढून दिलीच असती.

तेवढ्यात खिडकीत खरोखरच कावळा येऊन बसला. झालं, आता ही त्याच्याकडे चोखणी मागणार!

रेवा डोळे पुसत खिडकीशी गेली.

"काऊ, तुझं बाळ झोपलं?"

"काव!"

"हळू बोल ना, उठेल ते!"

मग ती आईच्या मांडीवर येऊन आडवी झाली आणि बघता बघता झोपली.

शाल्मलीनं खिशातली चोखणी खिडकीत ठेवली. "ने रे बाबा," ती कुजबुजली, "आता खरंच ने."